काळ्या वाळूवरून घसरत

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला आणि तेव्हापासून लोकांनी मला बसवलं. बसवलं हा शब्द मी विचार करून वापरतेय. शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली तेव्हा बाई म्हणाल्या, तू गाडीतच बस, आम्ही पॉइंट बघून येतो. गाडीत मी, पेंगणारा ड्रायव्हर आणि सगळ्या वर्गाचे डबे. लग्नात वरात निघाली की मला नवरीच्या खोलीत बसवायचे, दागिन्यांवर लक्ष ठेवायला. अकोल्याला श्रावणात कावड निघायची तेव्हा घरचे सगळे गल्लीच्या तोंडाशी पळायचे आणि मला गच्चीत खुर्ची मिळायची. वरून छान दिसते म्हणे. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तेच अवघड होतं, कारण भांडायला समोर कुणी सापडायचं नाही.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. अमरावतीला राजापेठेत दहावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेते. पायात आधाराचं लोखंडी कॅलिपर, हातात काठी, आणि मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर. तिच्यावरून मी गावभर हिंडते आणि हॉर्न जरा जास्तच वाजवते. लग्न केलं नाही. त्याची कारणं लोकांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकली आहेत, ती मी खोडून काढत बसत नाही.

मला एक मोठी बहीण आहे. ताईला बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यात दिली. काळ्या मातीचं वावर, गोठा, येणारं-जाणारं भरपूर. परवाच्या दिवाळीत मी तिच्याकडे होते. पुण्याला असणारा तिचा मुलगा नुकताच लग्नानंतर बायकोला घेऊन बालीला जाऊन आला होता. त्याने सगळे फोटो टीव्हीवर लावले. त्यात एका समुद्रकाठच्या गावाचे फोटो आले. वाळू काळीभोर. पाण्यात दोन्ही बाजूंना बांबूचे पाय फुटलेल्या होड्या. पुढच्या फोटोत उघडाबोडका ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याशी गोठून पडलेला काळा लाव्हा. मी फराळाची ताटली खाली ठेवून बघत राहिले.

भाच्याने माझ्याकडे बघितलं आणि प्रेमाने म्हणाला, "मावशी, तिथं सगळा चढउतार आहे. तुला काही जमायचं नाही. तू आपली इथं बसून फोटोच बघ."

मी त्याला त्या गावाचं नाव विचारलं. तो म्हणाला, लोविना, बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आहे. मी ते पाठ केलं.

अमरावतीला परतल्यावर एका टूरवाल्याच्या ऑफिसात गेले. त्याने मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच सांगितलं की ग्रुपमधल्या इतर लोकांचा खोळंबा होईल. त्याच्याकडे शिर्डीची एक सोपी सहल होती, ज्येष्ठांसाठी, सगळीकडे व्हीलचेअरची सोय असलेली. मी म्हटलं, मला नवस फेडायचा नाही, ज्वालामुखी बघायचा आहे. तो हसला आणि म्हणाला, मॅडम, ज्वालामुखीवर रॅम्प नसतो. मी चहा पूर्ण प्यायले, कारण चहा चांगला होता, आणि घरी येऊन विमान, राहायची जागा, तिथला गाडीवाला, सगळं स्वतः बघायला लागले.

ताई डोळे तपासायला म्हणून माझ्याकडे आली होती तेव्हा हे सगळं टेबलावर पसरलेलं होतं. ती मेथी निवडत बसली होती. मी तिला बेत सांगितला. तिने आणखी एक जुडी सोडली. मग मान वर न करताच म्हणाली, "मी येतो तुह्यासंग."

आमच्याकडच्या बायकाही 'येतो-जातो' असंच बोलतात. मला वाटलं, थट्टा करते आहे. मी म्हटलं, पासपोर्ट कुठाय तुझा? ती म्हणाली, आधार काढलं होतं तसा तोही काढू. मग तिने सांगितलं की मुंबईला ती एकदाच गेली होती, सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी, आणि सगळे दिवस दवाखान्याच्या आवारातच गेले. समुद्र अगदी जवळ आहे असं तिथली नर्स सांगायची. तो तिला कुणी दाखवला नाही आणि तिनेही मागितला नाही.

तिने घरी कळवलं त्यावर भाऊजींचा फोन मला आला, तिला नाही. उन्हाळवाही चालू होईल, नांगर-वखर लागतील, गडीमाणसांचा स्वयंपाक असतो, बाई घरातून गेल्यावर कसं व्हायचं, असं सगळं त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे. तुमाले मांगं-पुढं कोणी नाई. तिले काहून घेऊन जाऊन राहिल्या?"

हे वाक्य मी ताईला जसंच्या तसं सांगितलं. तिने चहाचा कप विसळून ठेवला आणि विचारलं की तिथं स्वेटर लागतो का.

बोर्डाच्या परीक्षा संपल्यावर, वऱ्हाडात डांबर वितळायला लागतं त्या दिवसांत आम्ही निघालो. नागपूरहून विमान, मग मुंबईहून दुसरं. विमानतळावर मी व्हीलचेअर घेतली होती, कारण अंतरं लांब असतात आणि मला पाय तिकडच्यासाठी शिल्लक ठेवायचा होता. खुर्चीत बसल्याबरोबर मी जणू बहिरी झाले. प्रत्येक जण ताईला विचारायचा. त्या पायऱ्या चढू शकतील का? त्यांना पाणी हवं का? सुरक्षा तपासणीत कॅलिपर वाजलं तेव्हा तिथल्या मुलीने ताईलाच विचारलं, यांच्या पायात काय आहे?

ताई मोठ्याने म्हणाली, "तिले इचारा ना. तोंड आहे तिले."

मागच्या रांगेतले लोक हसले. मुलगी ओशाळली आणि मग माझ्याशी बोलली. मी तिला कॅलिपर दाखवलं, पट्टे कसे सोडतात तेही दाखवलं. ताईने आयुष्यात पहिल्यांदा विमानतळ बघितला होता आणि ती पिशवी पोटाशी धरून उभी होती, पण त्या घडीपासून मला तिची काळजी वाटेनाशी झाली.

तिकडचा आमचा गाडीवाला चाळिशीचा, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. त्याने हात जोडून 'ओम् स्वस्तिअस्तु' म्हटलं. ताई चमकली. तिने राम राम घातला आणि मला म्हणाली, हा तर आपल्यातलाच निघाला. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेतलं, आणि ताई सरळ वऱ्हाडीत बोलायची. आठवडाभर आमचं काहीही अडलं नाही.

गाडी दक्षिणेकडून डोंगर ओलांडून उत्तरेला आली. वर धुकं होतं, भातशेतीच्या पायऱ्या होत्या, एक मोठं तळं होतं. प्रत्येक दुकानापुढे केळीच्या पानाच्या एवढ्याशा द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली. ताई ते ओलांडताना पदर सावरून वाकडी व्हायची. घाट उतरल्यावर एकदम खाली समुद्र दिसला. ताईने गाडी थांबवायला लावली नाही, काही विचारलंही नाही. फक्त खिडकीची काच खाली केली आणि लोविना येईपर्यंत वर केली नाही.

गाव छोटं आहे. एक लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना खानावळी, आणि तिथून गल्ल्या थेट वाळूवर उतरतात. आमची खोली तळमजल्यावर, एका विधवा बाईच्या घरात. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. समुद्र तळ्यासारखा शांत. वाळू खरंच काळी, ओली झाली की तव्यासारखी चकाकणारी. ताई उकिडवी बसली, मूठभर वाळू घेतली, दोन बोटांत चोळली.

"हे तर आपलं वावर आहे," ती म्हणाली.

गाडीवाल्याने हाताने डोंगराकडे दाखवलं. तिकडून आली, आगीतून. मला भूगोल आठवला. आपली काळी मातीही तशीच, लाव्हा थंड होऊन, झिजून झालेली. फक्त आपली आग विझून इतका काळ लोटला की कुणाला आठवण उरली नाही. मी ताईला हे सांगितलं तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र टूरवाल्याची आठवण झाली. मी जन्मल्यापासून ज्वालामुखीवरच राहत होते, रॅम्पशिवाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे डॉल्फिन बघायला जायचं होतं. त्या बांबूच्या पायांच्या होड्या किनाऱ्यापासून जरा आत, गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. बाकीचे प्रवासी चपला हातात घेऊन चालत जात होते. कॅलिपरला खारं पाणी लागलं की ते गंजतं, आणि ते काढलं तर मला उभं राहता येत नाही. नावाड्याने माझ्याकडे बघितलं, मग दोन्ही हात पुढे करून उचलून न्यायची खूण केली. चांगला माणूस होता. पण मला फार जणांनी उचललंय. मामाने शाळेत, हमालाने फलाटावर, चुलतभावांनी देवळाच्या पायऱ्यांवर. उचललेल्या माणसाला कुठे बघायचं तेही ठरवता येत नाही, उचलणाऱ्याचा खांदा समोर येतो. मी नको म्हटलं.

मी वाळूवर बसले. बूट काढला, पट्टे सोडले, कॅलिपर ताईच्या पिशवीत दिलं. सलवार वर खोचली. मग पाण्याकडे पाठ केली, दोन्ही तळवे मागे टेकवले आणि स्वतःला ढकललं. हात, मग बूड, मग पाय ओढत. घरी मी रात्री-बेरात्री अशीच सरकते. पण ते घरी, दार लावून. इथे किनारा उजाडत होता आणि लोक बघत होते. वाळू थंड आणि जाडीभरडी होती, कपड्यांत शिरत होती. माझ्यामागे एक रुंद पट्टा उमटत गेला, वखर ओढल्यासारखा.

तिथे आपल्याकडचंच एक कुटुंब होतं. मराठी ऐकू येत होतं. त्यातली एक बाई काळजीने पुढे आली आणि म्हणाली, "अहो, कशाला एवढा त्रास करून घेताय? इथून काठावरूनही छान दिसतं."

मी थांबले. मला दम लागला होता, पण आवाज नीट निघाला. म्हटलं, "लांबून छान दिसतं हे मी लहानपणापासून ऐकतेय. आज जवळून बघते."

ती बाजूला झाली. तिच्या नवऱ्याने मोबाइल वर केला होता. ताई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हटली नाही. तिची पाठ आणि तिचा अंबाडा, एवढाच त्याच्या फोटोत आला असेल.

पहिली लाट कमरेला लागली तेव्हा मी दचकले. अजून थोडं मागे सरकले आणि मग एक गोष्ट झाली. डावा पाय आपोआप वर आला. त्याचं ओझं गेलं. उजवाही वर आला. दोन्ही पाय माझ्यासमोर पाण्यात शेजारी शेजारी हलत होते आणि त्यांच्यातला फरक फक्त जाडीचा उरला होता. मला रडू आलं नाही. मला राग आला. हे पाणी इतकी वर्षं इथेच होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की ते माझ्या पायाशी असं वागतं.

होडीचा काठ धरून मी स्वतःला वर ओढलं. काठीने माझे खांदे पैलवानाचे केलेत. नावाड्याने होडी दाबून धरली, तेवढी मदत मी घेतली. ताई तिचं लुगडं गुडघ्यांच्या वर उचलून, पिशवी डोक्यावर ठेवून मागून आली, नदी ओलांडल्यासारखी.

डॉल्फिन दिसले. काळ्या पाठी, तीनचार, पाण्यातून वर येऊन परत आत. दिसल्याबरोबर सगळ्या होड्यांची इंजिनं एकदम गरजली आणि सगळे तिकडे धावले. डॉल्फिन दुसरीकडे निघाले की होड्याही वळल्या. ताईला ते आवडलं नाही. बिचाऱ्यांच्या मागं रोज सकाळी असंच लागतात का, तिने विचारलं. मी नावाड्याला इंजिन बंद करायला सांगितलं. त्याला आधी कळेना, मग त्याने बंद केलं. आम्ही तिथेच डुलत राहिलो. वळून बघितलं तर पूर्ण बेट समोर उभं. किनाऱ्याची काळी रेघ, वर नारळी, त्यावर हिरवे डोंगर आणि त्यांच्या डोक्यावर नुकतंच आलेलं ऊन. ते काठावरून दिसत नाही. त्यासाठी पाण्यातच यावं लागतं.

परतताना मी पुन्हा तशीच वाळूवरून सरकत आले, या वेळी चढावर. ते जास्त कठीण गेलं. खोलीवर ताईने माझ्या पाठीवर, मानेवर बादलीने पाणी ओतलं. मोरीत काळा गाळ साचला. तो बघून ती म्हणाली, पेरणी करता येईल.

पुढचे दोन दिवस आम्ही आसपास हिंडलो. गावाजवळच डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत. दगडी सापांच्या तोंडांतून पाणी कुंडात पडतं, त्याला गंधकाचा वास. तिथे मी तासभर मान टेकून पडून राहिले. एक बौद्ध विहार बघितला. बाजारात ताईने मिरच्या हातात घेऊन वास घेतला, विकणारीने चावून बघायला सांगितलं, ताईने चावली आणि चेहरा जराही हलू दिला नाही. उकाडा फार आहे म्हणून गोरे लोक हाशहुश करत होते. आम्ही वऱ्हाडातून आलेलो. संध्याकाळी ताई अंगावर शाल घ्यायची.

मग आम्ही ज्वालामुखीला गेलो. बातूर त्याचं नाव. आधी वरच्या कड्यावरून दिसतो: प्रचंड मोठी परात, तिच्यात मध्ये डोंगर, बाजूला निळं तळं, आणि डोंगराच्या उतारावर सांडलेली शाई. ती शाई म्हणजे लाव्हा. बहुतेक गाड्या कड्यावरूनच फोटो काढून परततात. आमच्या गाडीवाल्यानेही सुचवलं की इथून उत्तम दिसतं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो हसला, फोन काढला आणि खालून एक उघडी जीप बोलावली.

जीपमध्ये चढताना वेळ लागला. त्या खडबडीत वाटेवर आमची हाडं मोजून झाली. शेवटी जीप थांबली तिथे चारी बाजूंना काळा दगड. दगड म्हणजे फुटलेले, उकळताना गोठलेले ढेकळांचे ढीग. मध्ये मध्ये गवताची पाती. मी काठी टेकवत उतरले. ते दगड फसवे आहेत. घट्ट दिसतात आणि काठी टेकवली की कुरकुरत सरकतात. थोडीशीच चालले असेन. काठी सरकली आणि मी पडले. तळहात सोलवटले, कोपराला लागलं.

गाडीवाला आणि जीपवाला दोघेही धावले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. पडलेल्या माणसाला उठायची स्वतःची पद्धत असते, ती दुसऱ्याला माहीत नसते. ताईला माहीत होती. ती जवळ आली नाही, तिने फक्त माझी काठी उचलून माझ्या उजव्या हाताला ठेवली. मी आधी कॅलिपरचं गुडघ्याशी असलेलं कुलूप सोडलं, गुडघ्यावर आले, मग काठी, मग उभी. हाताला रक्त होतं आणि त्यात काळे कण. समोर ज्वालामुखी. मी त्याच्याकडे बघत चांगली उभी राहिले. तो शांत होता, पण वरच्या बाजूने कुठूनतरी पांढरी वाफ निघत होती.

जीपवाल्याने आम्हाला सांगितलं की साधारण शंभर वर्षांपूर्वी याच लाव्ह्याखाली एक गाव आणि गावाचं देऊळ गेलं. लोक वाचले. त्यांनी वरच्या कड्यावर गाव बसवलं आणि देऊळ पुन्हा बांधलं, ज्वालामुखीच्या अगदी समोर. मी विचारलं, लांब का नाही गेले? तो म्हणाला, जमीन इथली चांगली आहे. खरंच तळ्याकाठी कांद्याचे वाफे होते, काळ्या मातीत, हिरवेगार. ताईने गाडी थांबवून ते बघितले, वाफ्यात खुरपत असलेल्या बाईशी हाताने बोलली आणि येताना एक पातीचा कांदा घेऊन आली. तो तिने रात्री भाताबरोबर खाल्ला.

शेवटून तिसऱ्या दिवशी आम्ही धबधब्याला गेलो. लोविनाच्या वरच्या डोंगरात आहे. खाली उतरायला दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना लवंगेची झाडं. मी पायऱ्यांवरून बसून उतरायला लागले. एक पायरी, मग दुसरी. लोक बाजूने जात होते, कुणी हसून मान हलवायचं, कुणी नजर चुकवायचं. मला आता सवय झाली होती. अर्ध्याहून जास्त खाली आलो तेव्हा पाण्याचा आवाज यायला लागला आणि तिथून पुढच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या. मी पुढच्या पायरीवर हात टेकवला, तो सरकला. सोलवटलेला तळवा झोंबला. मी पुन्हा टेकवून बघितलं. मग वर बघितलं, जेवढं उतरले तेवढं चढायचंही होतं.

मी तिथे थांबायचं ठरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीवाला वर होता, ताई माझ्या मागच्या पायरीवर, ती काही बोलली नव्हती. पायरीही माझी आणि हिशेबही माझा. मी ताईला म्हटलं, तू जा.

ती म्हणाली, तुले सोडून नाई जात. इतकं आलो तर दोघीबी खाली जाऊ नाई तर दोघीबी वर. मी म्हटलं, मला जायचं नाही, तुला जायचंय. ती बसली. तिला भीती वाटत होती हे मला तेव्हा कळलं. ताई आयुष्यात एकटी कुठेही गेली नव्हती. वावरातही दोघीतिघी मिळून जायच्या. देवळातही सासूबरोबर, मग शेजारणीबरोबर.

"मुंबईला समुद्र तू मागितला नव्हता म्हणून राहिला," मी तिला म्हटलं. "हे तरी माग."

ती उठली. पदर कमरेला खोचला, चपला काढून माझ्याजवळ ठेवल्या आणि कडेच्या दगडांना हात लावत लावत खाली गेली. वळणावर दिसेनाशी झाली. मी तिथे झाडांखाली बसून राहिले. लवंगेचा वास येत होता. बराच वेळ गेला. मला काळजी वाटायला लागली होती तेवढ्यात ती आली, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, अंबाडा सुटलेला, धापा टाकत. तिने मला धबधबा कसा होता ते सांगितलं नाही. माझ्या शेजारी बसली, केस पिळले आणि म्हणाली, "मी त्याच्याखाली उभा राहिलो. लई जोरात आहे. मी बी वरडलो मंग."

काय ओरडलीस, मी विचारलं. काही नाही, नुसताच वरडलो, म्हणाली. तिथं कोणाले ऐकू येत नाई.

त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. ते रोजच करायचे. कधी गोठ्यातलं औषध सापडत नव्हतं, कधी डब्यांतला डाळीचा डबा कोणता ते कळत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की मुलाच्या सासरकडची मंडळी येणार आहेत, तर एकदोन दिवस आधी निघता येतं का बघा. नंतर भाच्याचाही फोन आला. त्याने तिकीट बदलता येतं अशी माहिती काढून ठेवली होती. ताईने दोघांचंही पूर्ण ऐकलं. मी बाजूला बसले होते. पाहुण्यांसाठी तोही गावी आला असेल असं वाटून ती भाच्याला म्हणाली की बापाला फोन दे. तो म्हणाला, आम्ही दोघं अजून पुण्यालाच आहोत, बाबा गावी आहेत. मग तिने पुन्हा गावी फोन लावला.

"मी ठरल्या दिवशी येतो," ती म्हणाली. "पाहुण्याईले पोहे करा. गॅस तुमाले पेटवता येते."

फोन ठेवल्यावर तिने तो पिशवीच्या तळाशी घातला. आम्ही काळ्या वाळूवर जाऊन बसलो आणि होड्या बघत राहिलो.

ठरल्या दिवशी परतलो. नागपूरहून गाडी करून मी तिला तिच्या गावी सोडायला गेले. वखरलेली काळी वावरं उन्हात तापून पडली होती. भाऊजी ओट्यावर बाजेवर बसले होते. उठले नाहीत. पाहुण्यांसाठी पुण्याहून आलेली सून पाणी घेऊन आली. पाहुणे येऊन गेले होते. पोहे झाले होते की नव्हते ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ताईने हातपाय धुतले आणि ओट्यावर येऊन सुनेला सगळं सांगायला सुरुवात केली. होडी, वाफ निघणारा डोंगर, तळ्याकाठचा कांदा. धबधब्याखाली उभी राहिल्याचंही सांगितलं, ओरडल्याचं गाळलं. भाऊजी रस्त्याकडे तोंड करून बसले होते. बरंच सांगून झाल्यावर त्यांनी तिकडेच बघत विचारलं, "तिथं पराटी होते काय?"

ताई म्हणाली, कापूस काही दिसला नाही, धान दिसलं, कांदा दिसला. माती आपल्यासारखीच आहे. भाऊजींनी मान हलवली. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या खेपेले इचारून जात जा."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपाकडे बघितलं. ताई ओट्याच्या पायऱ्यांवर बसून तळपायाला तेल लावत होती. तिने हात थांबवला नाही.

"सांगून जाईन," ती म्हणाली.